बैठक नंतर, आधी तिला छप्पर



सुनेला मारहाण झाल्याचं कळलं की आपल्याकडे काय होतं? चार वडीलधारी जमतात, चहा होतो, बैठक बसते. "दोघांनीही थोडं समजून घ्या" असं ठरतं आणि तिला त्याच रात्री त्याच घरी सोडून येतात. वर उत्तम क्षमेचा दाखला! क्षमा करायची की नाही हे मार खाणारीनं ठरवायचं, तेही सुरक्षित जागी बसून. पाणी गाळून पिणाऱ्या घरांत हे सांगावं लागतं, याचा मला रागच येतो.

नवऱ्यासमोर बसवून तिला "काय झालं ते सांग" म्हणतात. कशी सांगेल? सांगितलंच, तर घरी गेल्यावर त्याची वसुली तिच्याच पाठीवर होते.

त्या रात्री तिला निवारा हवा असतो, जखमेवर उपचार हवेत आणि त्यांची कागदावर नोंद हवी. जीवावर बेतलं असेल तर 112. एरवी महिला हेल्पलाइन 181. सरकारच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं; डॉक्टर, पोलीस, वकील यांची मदत तिथूनच मिळते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. आणि घर तिच्या नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा हक्क याच कायद्याचं कलम 17 देतं. "नीघ माझ्या घरातून" म्हणणाऱ्या किती सासवांना हे ठाऊक आहे?

तिचा मोबाइल नवरा तपासत असेल, तर फोन तुमच्यावरून लावू द्या. आणि कृपा करून "ती आता कुठं असते हो?" असं समाजाच्या ग्रुपवर विचारू नका. तुमच्या काळजीतूनच पत्ता त्याच्यापर्यंत पोचतो.

"मध्ये पडलो तर आपल्याच मागे कोर्टाचं झंझट" म्हणणाऱ्या काकूंसाठी कलम 4 आहे. हिंसा होतेय असं वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतं. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडून आवाज येतोय ना, काकू? मग 181 लावा. त्याला तिच्या सासऱ्यांची परवानगी लागत नाही.