सावध राहा, पण कोणापासून?

‘दोन संशयित फिरतायत, भटक्यांसारखे दिसतात, मुलांना सांभाळा.’ भोपाळचं अशोका गार्डन असो वा पुणे-नागपूर, असे निरोप आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात. वेळ नाही, ठिकाण नाही, काय घडलं तेही नाही; आहे फक्त पेहराव आणि जात.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं, ते विसरू नये. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजले गेले. आठवडी बाजारातून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण संशयाचं मूळ फोनहून जुनं आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. मनातला शिक्का मात्र पुसला गेला नाही. अशाच एका जमातीतली, पारधी कुटुंबं तो भोपाळमध्येही सोसतात आणि महाराष्ट्रातही.

मुलांची काळजी खरी आहे, म्हणूनच ती नेमकी हवी. काय पाहिलं, कुठे, किती वाजता, हे सांगता येत असेल तर 112 वर सांगा. सांगता येत नसेल तर निरोप पुढे पाठवू नका. आणि कोणी जातीवरून बोट दाखवलं, तर तिथल्या तिथे हटका. गप्प बसणाऱ्यांच्या बळावरच जमाव उभा राहतो.