असली कामे 'आपण' करत नाही!

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी माझ्या जुन्या अँबॅसॅडरखाली उताणा पडलो होतो आणि आमच्या गृहरचना संस्थेतील मंडळी गॅलरीत उभी राहून, बिघाड गाडीत आहे की माझ्यात, याची चर्चा करीत होती. मागचे पाटे बदलायचे होते. चिटणीस येऊन नियम ऐकवून गेले. मग पुतण्या आला. हा यंत्रशास्त्राचा पदवीधर! हलक्या आवाजात म्हणाला, "काका, असली कामं आपण करत नाही."

माझे भांडण आहे ते या 'आपण'शी.

हे 'आपण' म्हणजे कोण? ज्यांच्या घरी त्याच दिवशी पाना, पकड नि हातोडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, ते आपण! दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घालणारेही आपणच. पूजा झाली की हत्यारे माळ्यावर जातात, ती वर्षाने खाली येतात. वंगणाने काळे झालेले हात आपल्याला चालतात. फक्त ते दुसऱ्याचे हवेत.

मीही याच पंथातला. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंचे पाटे नवे घातल्याचे पैसे माझ्याकडून मोजून घेतले होते. आज खोलून पाहतो तो डावीकडचे जुनेच! वर काळा रंग फासलेला आणि रंगाखाली मुख्य पाट्याला तडा. याच पाट्यांवर घरची सगळी माणसे बसवून मी वरंधा घाट उतरलो होतो. त्याची लबाडी खरीच. पण गाडीखाली डोकावायचीही ज्याला लाज वाटते, त्याच्याइतके सोपे गिऱ्हाईक दुसरे कोणते?

आणि त्यात गूढ तरी काय आहे? पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या. सर्वांत लांब तो मुख्य पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे. पुढचा डोळा सांगाड्याला पक्का, मागचा शॅकलवर झुलता; कारण ओझे पडले की कमान सपाट होते, पाटा लांबतो, आणि त्या लांबीला सरकायला जागा लागते. मध्ये यू-बोल्टांनी आस आवळलेला. मधल्या बोल्टचे डोके आसावरच्या भोकात नीट बसले नाही, तर आस तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. पुतण्याला हे सारे पाठ होते. पाटा हातात दिला तेव्हा मात्र म्हणाला, "एवढा जड असतो?"

विरोधकांचा एक मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा शुद्ध मूर्खपणा होय. जॅक उचलण्यासाठी, पेलायला कठीण, सपाट जमिनीवर लोखंडी घोडेच हवेत. विटांचा ढीग नको, वीट एकाएकी फुटते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावावा, कारण हातब्रेक मागच्याच चाकांना धरतो आणि ती तर अधांतरी असतात! एवढे ज्याला जमणार नाही त्याने खुशाल मिस्त्रीकडे जावे.

मिस्त्रीच्या पोटावर पाय आणावा असे मी म्हणतच नाही. ही गाडी काढणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला; तिची विद्या आता उरली आहे ती अशाच माणसांच्या हातांत. आमच्या कोपऱ्यावरच्या उस्तादांनी जाता जाता सांगितले, "साहेब, बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळून फाटेल." मी पैसे पुढे केले, तर हसून चहा मागितला. तो आम्ही दोघांनी फरशीवर बसून घेतला. गॅलरी तेव्हा रिकामी झाली होती.

मनाईची नोटीस फळ्यावर अजून आहे. यू-बोल्ट थोडे चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, म्हणून पुढच्याच रविवारी पुतण्याला बोलावले आणि जुने कपडे घालून यायला सांगितले. आला, पण पांढरा शर्ट घालून. मी त्याला तसाच गाडीखाली घातला.