पुढ्यातलं ताट ओढू नका

जव्हार-मोखाड्याकडे दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरणाऱ्या बाईच्या पोटात पाचवा महिना असतो तेव्हाही तिचं वजन चाळीस किलोच्या आसपासच घुटमळत असतं. यात कुणाला नवल वाटत नाही. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर ती जेवते, आणि ‘जास्त खाल्लंस तर पोर मोठं होईल, बाळंतपण अडेल’ असं सांगणाऱ्या चार म्हाताऱ्या शेजारी असतातच. अशा बाईला दिवसातून एकदा कुणीतरी आधी वाढावं, गरम वाढावं आणि तिच्याकडूनच ते खाल्लं जावं, यासाठी आपल्याकडे एक योजना आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५ साली आदिवासी भागात सुरू झालेली. पोळी किंवा भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि अंडं किंवा केळं. हे ताट वाचवायचं आहे.

योजना बंद करण्याचा आदेश कुणी काढणार नाही. योजना अशा मरत नाहीत, झिजतात. सुरुवातीला एका ताटाला २२ रुपये धरले होते. पुढे दर वाढला, पण तो सरकारी फायलीच्या चालीने वाढतो. तेल, डाळ आणि अंडी बाजाराच्या चालीने महागतात. निधी उशिरा आला की ताट वाढणारी अंगणवाडी सेविका किराणा दुकानात उधारी करते. उधारी थकली की आधी अंडं जातं, मग पालेभाजी, मग लाडू. शेवटी वरणभात उरतो आणि हजेरीपटावर मात्र ‘चौरस आहार’ चालूच राहतो. त्यातून कुणीतरी सोपा उपाय सुचवतं: शिजवण्याची कटकट कशाला, कोरडा शिधा घरी द्या.

इथेच हरकत घ्यायला हवी. घरी गेलेलं पाकीट चुलीवर चढलं की ते सगळ्या घराचं होतं, आणि तसं ते होऊ देणारी बाई काही चूक करत नसते. पोरं समोर असताना एकटीने कोण खाईल?

बाईने स्वतः खाल्लं तर काय होतं, ते आफ्रिकेतल्या गांबिया देशात दिसलं. तिथे २८ गावांत पाच वर्षं चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. भाजलेले शेंगदाणे, तांदळाचं पीठ, साखर आणि शेंगदाण्याचं तेल यांची बिस्किटं गरोदर बायांना रोज दिली जात, आणि ती गावातल्या दाईसमोर खायची असत. बाळांचं जन्मवजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढलं. धान्य संपलेल्या पावसाळी महिन्यांत तर २०१ ग्रॅमने. मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातले बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. साहित्य पाहा: आपल्या लाडवाहून फार वेगळं नाही. आषाढ-श्रावणातली रिकामी कणगी तर आपल्यालाही ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये कुपोषण जास्त असलेल्या समाजांतल्या गरोदर स्त्रियांसाठी ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही देणाऱ्या समतोल पूरक आहाराचीच शिफारस केली. नुसत्या भरमसाट प्रथिनांच्या पूरक आहाराची शिफारस तिने केलेली नाही. औषधाच्या दुकानातला प्रोटीन पावडरचा डबा प्रतिष्ठेचा वाटतो खरा, पण भाकरी-डाळ-अंड्याची जागा तो घेत नाही. आणि प्रश्न डोंगरातल्या पाड्यांपुरता नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर पाच स्त्रियांमागे एकीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ च्या खाली, म्हणजे कमी वजनाचा होता. त्या गरोदर होतात त्या तशाच.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. ती मुलं पोटात असताना त्यांच्या आयांच्या ताटात काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. आज विचारायला कायदा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीमार्फत मोफत आहार हा हक्क ठरवला आहे. मेहेरबानीची भाषा त्यामुळे सोडून द्यावी.

मग मागायचं काय? ताटाचा दर दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढावा. पैसे महिन्याआधी अंगणवाडीच्या खात्यात यावेत. सेविकेच्या उधारीवर राज्य चालवू नये. भट्टीवर गेलेल्या बाईला तिथल्या जवळच्या अंगणवाडीत नाव न विचारता, निदान कागद न मागता, जेवायला बसवावं. ही शेवटची मागणी सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात जास्त वजन तिथेच गळतं.

१५ ऑगस्टला ग्रामसभा असते. त्याआधी एकदा दुपारी अंगणवाडीत जा. फळ्यावरचा आहार नव्हे, वाढलेलं ताट बघा. अंडं आहे का, किती बाया प्रत्यक्ष बसल्या आहेत, दुकानदाराची बाकी किती, एवढं सेविकाताईंना विचारा आणि ते आकडे ग्रामसभेत मोठ्याने वाचून इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. शहरात राहणाऱ्यांनी तेच आकडे आपल्या आमदाराकडे पाठवावेत आणि अधिवेशनात प्रश्न कधी विचारणार, याचं लेखी उत्तर मागावं.