नागपूरचा कोळसा, कोकणचा मासा



नागपुरातून निघणाऱ्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग समुद्रावर का, असं अनेकांनी विचारलं. उत्तर दाराशीच आहे. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, तेव्हा त्याची धग विदर्भापुरती राहत नाही. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली आहे. मे महिन्यातली आपली होरपळ सगळ्यांना दिसते. पाण्याखालची कुणाला दिसत नाही.

पाणी तापलं की त्यातला विरघळलेला प्राणवायू घटतो आणि नेमकी तेव्हाच माशाची प्राणवायूची गरज वाढते. खाल्लेलं अंगी लागण्याऐवजी नुसतं तग धरण्यात खर्ची पडतं. अनेक जातींचे मासे लवकर वयात येतात आणि आकारानं लहान राहतात. शिवाय वरचा तापलेला थर खालच्या थंड, पोषक पाण्यात सहजी मिसळत नाही. त्यामुळे माशांच्या अन्नसाखळीचा पाया असलेलं वनस्पती-प्लवक रोडावतं. पश्चिम हिंदी महासागराच्या काही भागांत ते सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे.

मासे ठिकाणंही बदलत आहेत. एकेकाळी मुख्यतः केरळ-कर्नाटकची असलेली तारली उत्तरेकडे सरकली. बांगडा उत्तरेकडे आणि खोल पाण्यातही गेला. मासा दूर गेला की कोळी बांधवांचं डिझेल वाढतं, फेरी मात्र रिकामी येऊ शकते. त्यात वादळं. २०१९ साली ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, अरबी समुद्रात ‘क्यार’ महाचक्रीवादळ झालं होतं. हंगामाच्या भरात होड्या बंदरात अडकल्या.

सगळा दोष उष्णतेवर ढकलणं मात्र अप्रामाणिकपणाचं ठरेल. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लंच उपसली जातात. पालघर किनाऱ्यावरच्या सातपाटी गावाची ओळख असलेलं पापलेट २०२३ मध्ये ‘राज्य मासा’ झालं. ते पकडण्यासाठी किमान लांबी ठरली १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. त्याहून लहान पापलेट अजून अंडी घालण्याच्या वयाचंच नसतं. तापलेल्या पाण्यात आधीच वाढ खुंटलेल्या जातीला हा दुसरा मार झेपणारा नाही.

म्हणून विनंती दोन गोष्टींची. आपल्या बाजारात बर्फावर मांडलेलं पिल्लू पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर ते जाळ्यात ठेवण्यात कुणाचा फायदा उरणार नाही. आणि कोळशाची वीज कमी करण्याची चर्चा निघेल, तेव्हा रोजगाराचा हिशेब जरूर मांडा, पण त्यात खाण कामगाराइतकाच सातपाटीचा कोळीही धरा. समुद्र किनाऱ्यावरच्यांचाच, हा समज विदर्भाला आता परवडणारा नाही.

 

— संपादक