पट्ट्यांचा बाजार आणि हरवलेली साधना

वार्षिक परीक्षा संपत आल्या की अहिल्यानगर शहरातील चौकांत आणि संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, शेवगाव अशा तालुक्यांच्या गावी फलक झळकू लागतात. 'दहा दिवसांत स्वसंरक्षण', 'उन्हाळी कराटे शिबिर', 'प्रत्येकास पदक व प्रमाणपत्र'. पालक शुल्क भरतात. पांढराशुभ्र गणवेश येतो. शेवटच्या दिवशी एखाद्या मंगल कार्यालयात पाहुण्यांच्या हस्ते पिवळे पट्टे बांधले जातात, छायाचित्रे निघतात आणि जून उजाडताच तो गणवेश कपाटात जातो. पुढच्या उन्हाळ्यात बाहेर काढावा तर तो आखूड झालेला असतो. ज्या मुलीच्या कमरेला पट्टा बांधला, तिच्या मनगटात नेमके काय आले, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही.

या जिल्ह्याने तरी तो प्रश्न विचारायलाच हवा. ऑगस्ट २०१४ मध्ये पारनेर तालुक्यातील लोणी मावळा येथे आणि १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे शाळकरी मुलींवर अत्याचार होऊन त्यांची हत्या झाली. दोन्ही खटल्यांत नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने दोषींना फाशीची शिक्षा सुनावली. न्यायालयाने आपले काम केले. समाजाने काय केले? मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या आणि ठिकठिकाणी मुलींसाठी कराटेची शिबिरे भरली. हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. परंतु शुद्ध हेतूला साधनेची जोड नसेल तर त्याचा सोहळा होतो, संस्कार होत नाही.

पहिली पायरी की शेवटची?

कराटे ही ओकिनावा बेटावरील विद्या. तेथील स्थानिक हस्तविद्या आणि चीनमधून आलेल्या पद्धती यांच्या संगमातून ती घडली. गिचिन फुनाकोशी या शाळाशिक्षकाने १९२२ साली टोकियोत तिचे प्रात्यक्षिक केले आणि मुख्य जपानला तिची ओळख झाली. पट्ट्यांची आणि श्रेणींची पद्धत तर मुळात कराटेची नव्हेच. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडून ती आली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला जपानी भाषेत 'शोदान' म्हणतात. शोदान म्हणजे आरंभीची श्रेणी. ज्याला मूलभूत हालचाली आल्या आणि जो आता खऱ्या अर्थाने शिकायला पात्र झाला, त्याचा तो पट्टा. नियमित सरावाने तिथवर पोहोचायला साधारण चार-पाच वर्षे लागतात.

आपल्याकडे मात्र आरंभालाच शेवट मानण्याची घाई झाली आहे. दर दोन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेचे वेगळे शुल्क, प्रत्येक रंगाच्या पट्ट्याची वेगळी किंमत आणि अनुत्तीर्ण कोणीच नाही! ज्या परीक्षेत कोणीच नापास होत नाही तिला परीक्षा म्हणत नाहीत, विक्री म्हणतात. त्यात दहावी-बारावीच्या क्रीडागुणांचा आणि नोकरीतील खेळाडूंच्या आरक्षणाचा मोह मिसळला की मुलाला काय आले यापेक्षा कागदावर काय आले, याचीच चौकशी घरोघरी होते. संघटनांची अवस्था तर विचारूच नये. २०२० साली जागतिक कराटे महासंघाने भारतातील त्या वेळच्या राष्ट्रीय संघटनेची संलग्नता काढून घेतली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली कराटेला स्थान मिळाले, पॅरिसला २०२४ साली ते राहिलेही नाही. या साऱ्या भांडणात 'आंतरराष्ट्रीय' असे बिरूद लावून प्रमाणपत्रे वाटणाऱ्यांचे तेवढे फावले.

याचा अर्थ सगळेच प्रशिक्षक व्यापारी आहेत, असा मुळीच नाही. पहाटे शाळेच्या पटांगणावर तुटपुंज्या मानधनात वर्षानुवर्षे मुले घडविणारे तपस्वी शिक्षक याही जिल्ह्यात आहेत. पट्ट्यांच्या बाजारात सर्वाधिक हानी त्यांचीच होते. कारण 'तुमच्याकडे तीन वर्षांत हिरवाच, शेजारच्या क्लासमध्ये दीड वर्षात काळा' असे म्हणून पालक मूल काढून नेतात.

पंधरा हजारांचे अभय

शासनाच्या प्रयत्नांची कथाही फारशी वेगळी नाही. समग्र शिक्षा अभियानात मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. मुदत तीन महिने आणि तरतूद शाळेमागे महिन्याला ५,००० रुपये. म्हणजे एका शाळेतील साऱ्या मुलींच्या अभयासाठी १५,००० रुपये! झाशीच्या राणीचे नाव देऊन तीन महिन्यांत वीरांगना घडतील, हा समज राणीवरही अन्याय करणारा आहे. तिने लहानपणापासून घोडा आणि तलवार आपलीशी केली होती. कोणत्याही शिबिरात तिला ती मिळाली नव्हती.

पुन्हा हे तीन महिने कोणते, हेही पाहिले पाहिजे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, ती उन्हाळ्यातच परततात. वर्ग हिवाळ्यात भरला तर त्या घरची मुलगी एकतर कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळत असते किंवा गावी म्हाताऱ्या आजीजवळ एकटी राहिलेली असते. जिला या बळाची सर्वाधिक गरज, नेमकी तीच हजेरीपटावर गैरहजर! वेळापत्रक आखणाऱ्याला उसाचा हंगाम ठाऊक नसावा?

धोका कोठून येतो?

शिबिरांचा आणखी एक दोष मुळावरच घाव घालणारा आहे. अंधारात झुडपाआडून अनोळखी गुंड येईल, मुलगी एक लाथ मारील आणि तो लोळण घेईल, या चित्रपटी कल्पनेवर सारे प्रशिक्षण उभे असते. वास्तव निराळे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की, बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचाच असतो. नातलग, शेजारी, गावातलाच कोणी. तेथे पहिला प्रहार हाताने करायचा नसतो; 'नाही' या शब्दाने आणि घरी न घाबरता सांगण्याच्या धैर्याने करायचा असतो.

कॅनडातील तीन विद्यापीठांत सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अवघ्या बारा तासांच्या प्रशिक्षणानंतर वर्षभरात बलात्काराचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बारा तासांत हात-पाय चालविण्याइतकाच भर धोका वेळीच ओळखण्यावर आणि ओळखीच्या माणसालाही ठामपणे थोपविण्यावर होता. तेव्हा 'कमी दिवसांतही उपयोग होतोच ना!' असे शिबिरवाल्यांनी म्हटले तर उत्तर सरळ आहे. होतो, जर योग्य ते शिकवले तर. दहा दिवस हवेत गुद्दे मारून आणि शेवटी कौले फोडून तो होत नाही. उलट खोटा आत्मविश्वास अज्ञानाहून घातक ठरतो.

शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे

जी मुले-मुली निष्ठेने वर्गाला जातात, त्यांच्या वाट्याला येणारे अनुभव सर्वत्र सारखेच. पहिल्या महिन्यात मांड्या भरून येतात, पायऱ्या उतरवत नाहीत. बसस्थानकावर गणवेश दिसला की टवाळ पोरे 'ए ब्रूस ली' म्हणून ओरडतात. शेजारच्या काकू आईला म्हणतात, 'हातपाय मोडून घेतले तर लग्न कसे व्हायचे हिचे?' तीच ती हालचाल शेकडो वेळा करून कंटाळा येतो. बहुतेक जण याच टप्प्यावर सोडतात आणि खरे शिक्षण नेमके याच टप्प्यावर सुरू होते. 'किहोन' म्हणजे मूलभूत हालचाली, 'काता' म्हणजे त्यांची बांधीव मालिका आणि 'कुमिते' म्हणजे प्रत्यक्ष जोडीदाराशी लढत. पहिल्या दोहोंचा पाया कच्चा ठेवून तिसऱ्याकडे धावणाऱ्याच्या पदरी दुखापतच पडते.

काही गोष्टी साध्या, पण मोलाच्या. मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत कधीही घेऊ नये. पहिल्याच आघातात तो मोडतो. नखे कापलेली असावीत, अंगावर दागिना नसावा. जेवण आणि सराव यांत दोन तासांचे अंतर हवे. शरीर तापविल्याशिवाय लाथ उचलू नये. वाढत्या वयातील मुलांचे पाय दुसऱ्याने दाबून ताणणे हा अडाणीपणा आहे, मग तो कितीही नामवंत प्रशिक्षक करो. डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी आली तर सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. 'सहन कर' हा तेथे उपदेश नव्हे, अपराध आहे. खुराकासाठी महागडे डबे लागत नाहीत. भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे-गूळ यांवर या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पैलवान पोसले गेले.

पालकांनीही वर्ग निवडताना पट्ट्यांचे दर न विचारता चार प्रश्न विचारावेत. मुलींच्या वर्गात स्त्री प्रशिक्षक किंवा किमान एक स्त्री उपस्थित असते का? सराव पालकांना केव्हाही पाहता येतो का? मागच्या परीक्षेत किती जण अनुत्तीर्ण झाले? तीन वर्षांहून जुने विद्यार्थी किती आहेत? मुलाचा विश्वास ज्याच्यावर असतो, त्याने तो मोडल्यास 'पोक्सो' कायदा त्यास अधिक गंभीर गुन्हा मानतो. परंतु कायद्याच्या आधी आईबापांचे डोळे उघडे हवेत. मुलांना हेही शिकवावे की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने शरीराच्या बचावाचा अधिकार दिला आहे. मात्र बचावाला आवश्यक तेवढ्याच बळाचा. ११२ आणि १०९८ हे क्रमांक पाठ असणे हाही प्रशिक्षणाचाच भाग होय.

स्वदेशी की विदेशी?

काही स्वदेशाभिमानी मंडळींना वेगळीच शंका येते. घरी मल्लखांब, लाठी, कुस्ती असताना जपानची विद्या कशाला? मग कोणीतरी बोधिधर्माची कथा सांगून कराटे मूळचे आपलेच ठरवतो. ती कथा बोधिधर्मानंतर हजार वर्षांनी, सतराव्या शतकातील ग्रंथावर उभी राहिलेली आहे. इतिहासाचा तिला आधार नाही. स्वाभिमानाला अशा कुबड्यांची गरज काय? खुद्द जपानने ओकिनावाची विद्या घेतली आणि तिला आपली शिस्त दिली. आपल्या शाखांतूनही नियुद्ध शिकवले जाते. विद्या कोठून आली यापेक्षा ती कोणत्या वृत्तीने आत्मसात केली, हे महत्त्वाचे.

आणि केवळ स्वदेशी म्हटल्याने शिस्त येते असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. निकाल अमान्य झाला म्हणून एका नामवंत मल्लाने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच्यासह दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाचा निर्णय चूक की बरोबर, हा वाद पुढे चालत राहिला. पण हजारो मुले पाहत असताना लाल मातीचे जे नुकसान व्हायचे ते झाले. कराटेत सरावाचा आरंभ आणि शेवट नमस्काराने होतो, आखाड्यात माती कपाळाला लावून. दोहोंचा अर्थ एकच: बळ आधी स्वतःवर चालवावे.

म्हणूनच केवळ मुलींना शिकवून भागणार नाही. मुलींनी लाथ मारायला शिकावे आणि मुलांनी काहीच शिकू नये, ही कोठली नीती? ज्या पटांगणावर बहीण बचाव शिकते, तेथेच भावाने संयम शिकला पाहिजे.

चौंडी हे जामखेड तालुक्यातील गाव. ३१ मे १७२५ रोजी तेथे अहिल्याबाई जन्मल्या. त्यांच्या नावाने एस.टी. गावोगावच्या मुलींना शाळेसाठी मोफत प्रवास देते आणि ऑक्टोबर २०२४ पासून जिल्ह्यालाही त्यांचेच नाव लाभले आहे. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन झाली. या समितीने जिजाऊंना मातृत्वाचा, लक्ष्मीबाईंना नेतृत्वाचा, तर अहिल्याबाईंना कर्तृत्वाचा आदर्श मानले. कर्तृत्व दहा दिवसांत येत नाही. गावातील मंदिराचे प्रांगण आहे, शाळेचे मैदान आहे. निवृत्त सैनिकांची तर या लष्करी परंपरेच्या जिल्ह्यात वाण नाही. प्रत्येक गावात आठवड्यातून तीन संध्याकाळ, बारा महिने, विनामूल्य वर्ग चालवायला दहा कार्यकर्ते पुरेत. उसाच्या फडावरून परतलेल्या मुलीसाठीही ज्या वर्गात जागा राखलेली असेल, तो वर्ग खरा. जिल्ह्याला नाव मिळाले. त्या नावाला शोभेल अशा निर्भय मुली घडविण्याचे काम अजून शिल्लक आहे.