स्वस्त भाडे, परका माल

वसमतच्या हळदीला पाणी द्यायचे तर रात्री-अपरात्री उठून, विंचू-सर्पाची पर्वा न करता मोटारीची कळ दाबावयास जावे लागते, ही हिंगोली जिल्ह्याची जुनी तक्रार आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला, 16,000 मेगावॉटचे उद्दिष्ट ठरले, आणि शेतीला दिवसा वीज देण्याचे आश्वासन कृतीत उतरण्याची चिन्हे दिसू लागली. याबद्दल शासनाचे अभिनंदन करण्यास आम्ही कचरत नाही. परंतु सूर्य हा काही शासनाचा नोकर नव्हे. तो आपल्या वेळेस मावळतो, आणि नेमक्या त्याच घटकेस औंढ्यापासून मुंबईपर्यंत घरोघर दिवे लागतात. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची कोठे, हा आता खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर जिल्ह्याला परके नाही. पूर्णा नदीवर येलदरीस जे पाणी अडविले आहे, ते साठविलेल्या विजेचेच एक रूप होय. धरणाच्या पायथ्याशी 22.5 मेगावॉटचे वीजगृह आहे आणि खाली सिद्धेश्वरचा जलाशय आहे. पण ते पाणी आधी पिकांचे व माणसांचे आहे. विजेसाठी ते वाटेल तेव्हा सोडता येत नाही. म्हणून महावितरणनेही अन्य राज्यांच्या वीजकंपन्यांप्रमाणे प्रचंड बॅटऱ्यांच्या निविदा काढल्या आहेत. कंपनी बॅटरी विकत घेत नाही. ठेकेदार ती बसवितो व सांभाळतो, आणि कंपनी दर मेगावॉटमागे दरमहा भाडे देते.

हे भाडे किती उतरले आहे, ते पाहण्यासारखे आहे. केंद्राच्या सौरऊर्जा महामंडळाने 2022 मध्ये लिलाव केला, तेव्हा दोन तास चालणाऱ्या साठ्यासाठी मेगावॉटमागे दरमहा 10.84 लाख रुपये दर निघाला. राजस्थानात 2024 च्या अखेरीस, सरकारी अनुदान धरून, तो 2.21 लाखांवर आला. रोज एकदा बॅटरी भरून रिकामी केली, तर युनिटमागे साठवणुकीचा बोजा पूर्वी सुमारे पावणेअठरा रुपये पडला असता, तो आता साडेतीन रुपयांच्या थोडा वर येतो. त्यात भरलेल्या विजेची किंमत व वाया जाणारा अंश वेगळा. शिवाय बॅटरी वापरली नाही तरी भाडे चुकत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

इतकी स्वस्ताई आली कोठून? काही अंशी ती खऱ्या प्रगतीची आहे. काही अंशी मात्र ती दिल्लीच्या तिजोरीची व पेकिंगच्या मर्जीची आहे. केंद्राने सप्टेंबर 2023 मध्ये 4,000 मेगावॉट-तासांसाठी भांडवली खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य मंजूर केले. जून 2025 मध्ये आणखी 30,000 मेगावॉट-तासांसाठी 5,400 कोटींची योजना आली, तीत मेगावॉट-तासामागे 18 लाखांची ठोक रक्कम ठरली. नियम असे दोन वर्षांत पालटतात आणि करार मात्र बारा-पंधरा वर्षांचे असतात! या बॅटऱ्यांत वापरले जाणारे लिथियम-लोह-फॉस्फेटचे सेल जगात जवळजवळ सर्व चीनमध्येच होतात. आपल्याकडे सेलच्या कारखान्यांसाठी 2021 मध्ये 18,100 कोटींची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. पण तिच्यातील 50,000 मेगावॉट-तासांचे उद्दिष्ट 2025 सरले तरी फार दूरच राहिले.

तिकडे चीनने निर्यातदारांचा करपरतावा डिसेंबर 2024 मध्ये 13 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आणला. पुढे एप्रिल 2026 पासून तो 6 टक्के आणि 1 जानेवारी 2027 पासून अजिबात बंद, असेही जाहीर केले. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने काही बॅटऱ्यांवर व त्यांच्या कच्च्या मालावर निर्यात परवान्याचे बंधन घातले, आणि महिनाभरात ते वर्षापुरते स्थगितही केले. अमेरिकेने 2026 च्या पहिल्या दिवसापासून अशा चिनी बॅटऱ्यांवरील जकात साडेसात टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर नेली. अमेरिकेचे दार लोटले गेले की चिनी माल आपल्याकडे स्वस्त वाहतो, हे खरे. परंतु शेजाऱ्याच्या नळाला आलेल्या पाण्यावर कोणी आपली विहीर बुजवीत नाही.

आमची भीती निराळीच आहे. उद्या सेल याहूनही स्वस्त होतील या भरवशावर ज्याने आज नीचांकी दर भरला, तो दर चढताच काय करील? तो मुदतवाढ मागेल, मग दरवाढ मागेल, आणि दोन्ही न मिळाल्यास अनामतीवर पाणी सोडून निघून जाईल. त्याची अनामत गेली तरी संध्याकाळची तूट राहतेच. ती भागविण्यासाठी बाजारातून महाग वीज घ्यावी लागते, आणि तिचे पैसे अखेर तुमच्या-आमच्या बिलात उतरतात. तेव्हा सर्वांत कमी दर हाच सर्वांत उत्तम दर, ही सरकारी कचेऱ्यांतील श्रद्धा येथे कामाची नाही. अनामत जबर हवी. अनुदानाचा मोठा हप्ता बॅटरी प्रत्यक्ष चालू झाल्यावरच सुटावा. आणि सारी खरेदी एकाच वर्षी, एकाच देशाच्या मालावर बेतू नये. घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी खाली सोडू शकतो. तसले प्रकल्प उभारण्यास वर्षे लागतात, पण त्यांतील दगड, सिमेंट व मजूर येथलेच असतात, आणि ते दशकानुदशके चालतात.

हे करार वीज नियामक आयोगापुढे येतात, तेथे सामान्य ग्राहकालाही आपले म्हणणे मांडता येते. जकात अथवा परतावा बदलल्यास तो भार कोणी सोसावयाचा, हे कलम ग्राहकांच्या प्रतिनिधींनी तेथे शब्दशः वाचून घ्यावे. आणि कोणत्या ठेकेदाराने सेलची मागणी केव्हा नोंदविली, कोणी अद्याप नोंदविलेलीच नाही, याची यादी महावितरणने दर तिमाहीस प्रसिद्ध करावी.