हजेरीपटावरील नाव

महाराष्ट्राच्या इतर भागांहून एक-दोन आठवडे उशिरा, मृगाच्या सरींनी उन्हाची तलखी थोडी ओसरल्यावर, विदर्भातील शाळांची कुलपे निघतात. दारास आंब्याची तोरणे लागतात, नव्या मुलांच्या हाती फूल आणि पुस्तक ठेवले जाते आणि गावचे पुढारी चार शब्द बोलतात. या सोहळ्यास ‘प्रवेशोत्सव’ म्हणतात. सोहळा चांगला आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. आषाढात ज्याचे स्वागत झाले, ते मूल कार्तिकात कोठे असते?

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही तांड्यावर जाऊन या प्रश्नाचे उत्तर मिळविता येईल. सोयाबीन निघाले, तूर अजून शेतात उभी आहे आणि दिवाळीचे दिवे नुकतेच विझले आहेत, अशा वेळी कोरडवाहू भागातील कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात. मुकादमाची उचल अंगावर असते. ती फेडावयाची तर नवराबायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीस गेलाच पाहिजे. कोणी वीटभट्टीवर जातात, कोणी शहरात बांधकामावर. त्यांच्यामागून मूलही जाते. कारखान्याच्या शिवारातील कोपीत धाकट्या भावंडास सांभाळणे हे त्याचे काम ठरते. होळी उलटल्यावर ते परतते, तेव्हा वर्गाने अर्धे पुस्तक मागे टाकलेले असते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. हाती लेखणी येण्यापूर्वी आमच्या हाती काही वर्षे खडू होता. आमच्या वर्गातील असाच एक मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा झाला. पहिले काही दिवस आम्ही त्याचे नाव पुकारले. पुढे उत्तर येत नाही म्हणून पुकारणे सोडले, आणि महिन्याभराने हजेरीपटावर त्या नावावर तांबडी रेघ ओढली. त्या काळी ती रीतच होती. चैत्रात तो परतला, पण वर्गात आला नाही, उंबरठ्याबाहेर उभा राहून त्याने विचारले, “गुरुजी, माह्यं नाव हाये का?” आम्ही त्यास आत घेतले, बसविले, पाटीही दिली. परंतु आठवड्याभरात तो पुन्हा येईनासा झाला. शाळेने आपल्यावाचून चालवून घेतले, हे त्यास उमगले होते. हा दोष आमचा होता, आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

आज ती तांबडी रेघ ओढता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलास शाळेतून काढण्यास बंदी केली आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक निघाले, हंगामी वसतिगृहांची योजना झाली. २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमचा समावेश झाला, तेव्हापासून मुलींची स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वेळेवर मिळणारी पुस्तके यांची मोजदाद होत आहे. हे सारे आवश्यकच आहे. पण पटावर नाव असणे आणि शाळा आपली वाटणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली कायद्याने साधते. दुसरी शिक्षकाने, सोबत्यांनी आणि गावाने साधावयाची असते.

ती कशी साधते, हे आपल्या पूर्वसूरींनी दाखविले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय उभारले, तेही याच भावनेने. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसून आले की, आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी कुरणात जातात आणि म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली. मूल आपल्या सोयीने येत नाही, तर त्याच्या जगण्याच्या सोयीने शाळेने वळावे, हे या तिन्ही प्रयत्नांमागील सूत्र होय.

शाळेच्या आपलेपणात भाषेचाही वाटा असतो. पोहरादेवीच्या या जिल्ह्यात बंजारा कुटुंबांचे अनेक तांडे आहेत. त्यांच्या घरी आई ही ‘याडी’ असते आणि भाकरी ही ‘बाटी’. पहिल्याच दिवशी हे शब्द चुकीचे ठरले, की मूल गप्प होते, आणि गप्प मुलास आपण मंद समजतो. ज्या वाशीमास प्राचीन काळी वत्सगुल्म म्हणत, तेथील वाकाटक राजा सर्वसेनाने, संस्कृतास राजमान्यता असलेल्या युगात, ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात रचले होते. त्या भूमीतील शिक्षकास गोरमाटीचे चार-दोन डझन शब्द शिकणे जड जाऊ नये.

“आपुलकीने गणित येते काय?” असे कोणी विचारील. शिक्षकांवर माहितीचे तक्ते भरण्याचे ओझे आधीच फार आहे, हेही खरे. परंतु ज्यास वर्गात परके वाटते ते मूल शंका विचारीत नाही, आणि शंका न विचारता गणित कोणासच आलेले नाही. शिवाय आम्ही जे सुचवितो त्यास नवा तक्ता लागत नाही. गेलेल्या मुलाचे नाव रोज पुकारावे आणि “तो ऊसतोडीस गेला आहे, पाडव्यास येईल” असे उत्तर वर्गाने द्यावे. आज तोडीच्या फडातही मोबाईल पोहोचला आहे. आठवड्यातून एकदा वर्गाने त्यास हाक मारावी. त्याची जागा आणि त्याची वही राखून ठेवावी.

गावाचेही कर्तव्य आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. पण सभा सकाळी अकराला भरली, तर रोजंदारीवरील बाई येणार कशी? सभा संध्याकाळी भरवावी, आणि दसऱ्यापूर्वीची एक सभा तांड्यावरच घ्यावी. कोणाचे मूल आजीपाशी राहू शकेल, त्याच्या दोन वेळच्या जेवणाची तजवीज कशी होईल, हे त्या सभेत ठरावे. हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत गेली, तरच तिचा उपयोग. मुले गेल्यावर आलेली मंजुरी कागदावरच राहते. आणि ज्या मुलांस जावेच लागते, त्यांच्या हाती हमी पत्रक देताना ते काय शिकले आहेत, हे पुढील शिक्षकास कळेल असे त्यावर लिहावे.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणजे जिल्ह्याचा जन्मदिवस शाळा उघडण्याच्या सुमारासच येतो. त्या निमित्ताने जिल्हा परिषदेस आमची एकच सूचना आहे. जूनप्रमाणेच गुढीपाडव्याच्या सुमारास, बिऱ्हाडे परततात तेव्हा, प्रत्येक शाळेत दुसरा प्रवेशोत्सव व्हावा. त्यास पाहुणे नकोत, भाषणे नकोत. वर्गातील मुलांनी वेशीपर्यंत जावे, सोबत्यास हाताला धरून आणावे, आणि शिक्षकांनी त्याच्यादेखत हजेरीपट उघडून त्याचे नाव मोठ्याने वाचावे. आपले नाव आहे किंवा नाही, हे विचारण्याची पाळी या जिल्ह्यातील कोणत्याही मुलावर पुन्हा येऊ नये.